पाच गावांची वाट



परक्या मुलखात उतरल्यावर माणसाला दोन गोष्टींची काळजी पडते. एक जेवणाची आणि दुसरी वाटेची. जेवणाचं कुठंतरी जमून जातं. वाटेचं तसं नाही. सपाट रानात वाट चुकली तर फार तर पाय दुखतात. पण एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीत ती चुकली, म्हणजे दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचू की नाही, हा घोर लागतो. आज मी तुम्हांला अशाच एका मुलखात वाट कशी धरायची ते सांगणार आहे.

हा मुलूख आहे इटलीच्या वायव्येला, लिगुरिया प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठी. तिथं डोंगराच्या कुशीत पाच लहान गावं आहेत. रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्निल्या, वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो. पाचांना मिळून ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणतात. चिंक्वे म्हणजे पाच आणि तेर्रे म्हणजे भूमी. या किनाऱ्याला १९९७ साली जागतिक वारशाचा मान मिळाला आणि १९९९ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हापासून देशोदेशींचे लोक इथं सुट्टी घालवायला लोटतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्हांला इटलीशी काय कर्तव्य? पण आज आपल्या गावातलीही मुलंमुली नोकरीशिक्षणासाठी युरोपात जातात, आणि कधीमधी आईवडिलांनाही बोलावून घेतात. आणि समजा, आपल्यापैकी कुणीच तिकडं गेलं नाही, तरी डोंगरातली वाट ओळखण्याची विद्या सगळीकडं सारखीच असते. कोकणातल्या श्रोत्यांना तर ऐकता ऐकता आपलीच पाखाडी डोळ्यांपुढं दिसेल.

सुरुवात दिशेपासून करू. हा किनारा नैर्ऋत्येकडं तोंड करून बसला आहे. समुद्राकडं तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला रिओमाज्जोरे आणि त्याच्या पलीकडं ला स्पेत्सिया हे मोठं आरमारी बंदर. उजव्या हाताला मोन्तेरोस्सो आणि त्याच्या पुढं दूरवर जेनोवा शहर. पाठीशी डोंगर. एवढं मनात पक्कं केलं की निम्मं काम झालं. सकाळी डोंगराची सावली गावावर असते, दुपारनंतर ऊन समोरून येतं, आणि सूर्य समुद्राच्या अंगाला मावळतो. तुम्ही रिओमाज्जोरेहून मोन्तेरोस्सोकडं चालत असाल तर समुद्र सतत डाव्या हाताला राहिला पाहिजे. तो उजवीकडं आला, तर समजा की तुम्ही फिरून मागं चालला आहात.

दुसरी गोष्ट. हा मुलूख आडवा वाचायचा नाही, उभा वाचायचा. चार मजली घर असावं तसा तो आहे.

तळमजल्यावर समुद्र. वसंतापासून शरदापर्यंत तिथं प्रवासी लाँची चालतात. पण दर्या खवळला की त्या बंद, आणि कोर्निल्याला तर त्या लागतच नाहीत. कारण पाचांतलं हे एकच गाव पाण्याला टेकलेलं नाही. ते सुमारे शंभर मीटर उंच सुळक्यावर बसलं आहे.

पहिल्या मजल्यावर आगगाडी. जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग १८७४ साली पुरा झाला. त्याआधी या गावांना जगाशी जोडणाऱ्या दोनच गोष्टी होत्या, होडी आणि पायवाट. गाडी बहुतेक बोगद्यांतून धावते. मधूनच उजेड दिसतो, समुद्र चमकतो, गाव येतं आणि पुन्हा अंधार. कोकण रेल्वेनं गेलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पण इथं एक सावधगिरी हवी. स्टेशनं इतकी अरुंद जागेत बसवली आहेत की काही ठिकाणी गाडीचे काही डबे बोगद्यातच उभे राहतात. नवखा माणूस म्हणतो, ‘स्टेशन अजून यायचंय,’ आणि तेवढ्यात गाडी सुटते! म्हणून आधीच्या गावापासूनच दाराशी तयार राहावं. शिवाय लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सगळ्या गावांना थांबत नाहीत. चढण्यापूर्वी पाटीवर आपल्या गावाचं नाव वाचून घ्यावं. पहिल्या गावापासून पाचव्यापर्यंत गाडीला साधारण पाव तास लागतो. हा पाव तास लक्षात ठेवा. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

दुसऱ्या मजल्यावर किनाऱ्याची पायवाट. ती पाचही गावांना जोडते. सारी मिळून सुमारे बारा किलोमीटर.

आणि तिसऱ्या मजल्यावर, पार वर, माथ्याची वाट. ती लेव्हांतोपासून पोर्तोव्हेनेरेपर्यंत डोंगराच्या कण्यावरून जाते. तिच्या खालच्या अंगाला प्रत्येक गावाचं एक जुनं देवस्थान आहे. मोन्तेरोस्सोच्या डोक्यावर सोव्हिओरे, रिओमाज्जोरेच्या डोक्यावर मोन्तेनेरो, अशी पाच गावांची पाच. आपल्याकडं गाव खाली आणि देवी डोंगरावर, तसाच प्रकार. खालून त्या देवळाचा मनोरा दिसला की कुठल्या गावाच्या वर आपण आहोत ते कळतं.

या चार मजल्यांना जोडणारे जिने म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा. आपल्या कोकणात ज्याला पाखाडी म्हणतात, तीच ही. कोर्निल्याचं स्टेशन खाली आणि गाव वर. मध्ये पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. दम लागत असेल त्यानं लहान बसगाडीची चौकशी करावी, त्यात कमीपणा नाही. मोटारींचा रस्ता बराच वरून येतो, आणि गावाच्या आत मोटार जात नाही. ती वरच ठेवून उतरावं लागतं. म्हणून मोटार घेऊन येणाऱ्यापेक्षा गाडीनं येणारा इथं जास्त सुखी असतो.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. डोंगरात अंतर मोजायचं ते किलोमीटरनं नव्हे, वेळेनं. बोगद्यातून पाव तास लागतो, तीच पाच गावं पायी करायची तर धडधाकट माणसालाही दिवस लागतो. तिथल्या वाटेवरच्या पाट्यांवर गावाच्या नावापुढं तास आणि मिनिटं लिहिलेली असतात. आपली जुनी माणसं काय वेगळं करत होती? ‘किती लांब आहे हो?’ म्हटलं तर उत्तर यायचं, ‘न्याहारी करून निघालात तर उन्हं चढायच्या आत पोचाल.’ शहरातला माणूस त्यावर हसायचा. पण ते उत्तर बिनचूक होतं. त्यात चढ धरलेला होता, ऊन धरलेलं होतं आणि तुमचं वयसुद्धा धरलेलं होतं!

शिक्षक बंधुभगिनींसाठी इथं एक हिशोब सांगतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकानं १८९२ साली एक नियम बांधून दिला. आजच्या मापात तो असा सांगतात. पाच किलोमीटर चालीला एक तास, आणि शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. नकाशावर समान उंचीच्या रेषा दाट दिसल्या की चढ उभा आहे असं समजावं, विरळ दिसल्या की जमीन सोपी. मात्र हा नियम चांगल्या वाटेचा आहे. पायऱ्या उंचसखल असल्या, वाट एका माणसापुरती अरुंद असली आणि समोरून पन्नास माणसं येत असली, तर हिशोबात भर घालावी लागते.

मी स्वतः हा धडा पाठ्यपुस्तकातून शिकलो नाही, फजिती होऊन शिकलो.

सप्टेंबर सरत आला होता. मी दुपारी कोर्निल्याला पोचलो, आणि वेर्नात्सापर्यंत पायी जायचं ठरवलं. अंतर साडेतीन-चार किलोमीटर. हातातल्या फोनवरच्या नकाशात दोन्ही गावं अगदी चिकटून दिसत होती. वाटेच्या पाटीवर सुमारे दीड तास लिहिला होता. मी मनात म्हटलं, ही पाटी म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी असेल, आपण तासात जाऊ. निघायलाही उशीर केला.

तिथं वाट ओळखायची खूण ठरलेली आहे. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, घराच्या कोपऱ्यावर पांढरा आणि लाल असे दोन पट्टे रंगवलेले असतात. १८६३ साली स्थापन झालेल्या इटलीच्या गिर्यारोहक मंडळाची ही पद्धत आहे. पट्टे दिसत आहेत तोवर तुम्ही वाटेवर आहात. मी समुद्राचे फोटो काढण्यात रमलो आणि पट्ट्यांकडं माझं लक्ष राहिलं नाही. एका वळणावर वाट दुभंगली. एक वर चढत होती आणि एक सपाट, सोपी, समुद्राकडं जाणारी. माणसाचा स्वभावच असा की तो सोपी वाट धरतो. मीही धरली.

वीस मिनिटं चाललो, अर्धा तास चाललो. पट्टा दिसेना. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे वेल, आणि त्यांना धरून रचलेल्या दगडी ताली. शेवटी वाट एका लोखंडी रुळापाशी येऊन संपली. डोंगरउतारावर द्राक्षांच्या पाट्या चढवण्यासाठी तिथले शेतकरी एका रुळावर चालणारी लहानशी गाडी वापरतात, तिचा तो रूळ. म्हणजे मी लोकांच्या मळ्यात शिरलो होतो. सूर्य समुद्राला टेकायला आला होता. वरची वाट दिसत होती, पण मध्ये तीन ताली होत्या. मी विचार केला, चढून जाऊ. एका तालीवर पाय दिला आणि वरचे दोन दगड निसटून खाली गडगडले.

तेवढ्यात वरून हाक आली. एक वयस्क शेतकरी पाटी खाली ठेवून झपझप उतरत आला. मला वाटलं, आता चांगलीच खरडपट्टी निघणार. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला येत नव्हती. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी तो खाली वाकला, दोन्ही दगड उचलले, फिरवून फिरवून पाहिले, जिथले तिथं बसवले, आणि मुठीनं ठोकून हलत नाहीत ना ते पाहिलं. मग माझ्याकडं वळला. बोटानं आलेली वाट दाखवली आणि हातानं खूण केली, मागं. पुढं नव्हे, वर नव्हे, मागं.

मी मागं फिरलो. शेवटचा लाल-पांढरा पट्टा जिथं पाहिला होता तिथपर्यंत आलो आणि वर चढणारी वाट धरली. वेर्नात्साला पोचेतो दिवे लागले होते.

श्रोतेहो, त्या माणसानं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली वाटेची. खूण दिसेनाशी झाली की अंदाजानं पुढं रेटू नये. शेवटची खूण पाहिली तिथं परत जावं. मागं फिरलेली दहा मिनिटं वाया जात नाहीत, पुढं रेटलेला अर्धा तास मात्र वाया जातो. दुसरी गोष्ट त्यानं तोंडानं सांगितली नाही, हातानं दाखवली. आधी दगड, मग वाट. तिचा अर्थ मला पुढं चौकशी केल्यावर कळला.

या किनाऱ्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. गेल्या हजारेक वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी उभा उतार फोडून, दगडावर दगड रचून ताली घातल्या, त्यांच्यामागं माती भरली आणि त्यात द्राक्ष लावलं. या भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. आपल्या कोकणातला गडगा असतो तशीच कोरडी रचाई. आणि त्यातच तिचं शहाणपण आहे. पावसाचं पाणी दगडांच्या फटींतून झिरपून जातं. पक्की बांधलेली भिंत पाणी अडवते आणि एक दिवस फुगून कोसळते. कोरड्या दगडी रचाईच्या या कलेची २०१८ साली युनेस्कोनं मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. त्या वेळी त्या नोंदीत इटलीसह युरोपातले आठ देश होते.

पण अशा भिंतीला मालक लागतो. दर वर्षी कुठंतरी दगड निसटतो, रानडुक्कर उकरतं, झुडपाचं मूळ शिरतं. तो दगड त्याच हंगामात बसवला नाही तर पुढच्या पावसात त्याच्या शेजारचे चार जातात. ला स्पेत्सियाची आरमारी गोदी १८६९ साली सुरू झाली, मग रेल्वे आली. पगाराची नोकरी मिळू लागल्यावर पाठीवर पाट्या वाहायला कोण राहील? विसाव्या शतकात मळे एकामागून एक पडीक पडले आणि ताली ढासळू लागल्या. आणि श्रोतेहो, पाहुणे ज्या पायवाटांवरून चालतात, त्या बहुतेक याच तालींच्या कडेनं जातात. पर्यटकांसाठी त्या कुणी काढल्या नव्हत्या. मळ्यात जाण्यासाठी, देवाला जाण्यासाठी, शेजारच्या गावी जाण्यासाठी त्या होत्या. ताल गेली की वाटही गेली.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी याचा भयंकर प्रत्यय आला. काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. वेर्नात्सा आणि मोन्तेरोस्सो या दोन गावांत डोंगरावरून माती, दगड, झाडं यांचा लोंढा उतरला. वेर्नात्साचा मुख्य रस्ता म्हणजे मुळात एक ओढा. त्यावर छत घालून रस्ता केलेला. ओढ्यानं आपली जुनी वाट पुन्हा मागितली. दुकानं, घरांचे तळमजले चिखलात गाडले गेले. वेर्नात्सात तिघं दगावली. पावसाचा जोरच मोठा होता, हे खरं. पण पडीक ताली जागोजाग सुटल्या आणि त्यांनी त्या लोंढ्यात भर घातली, हेही खरं. गावकऱ्यांनी आणि बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने चिखल उपसला आणि गाव पुन्हा उभं केलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, रिओमाज्जोरे ते मानारोला या सुप्रसिद्ध वाटेवर दरड कोसळून प्रवासी जखमी झाले. ही वाट जेमतेम एक किलोमीटरची, कड्यात कोरलेली. पण ती पुरती दुरुस्त होऊन उघडायला २०२४ साल उजाडलं. एक किलोमीटर वाटेला बारा वर्षं! मानारोला ते कोर्निल्या ही खालची वाटही दरडींमुळं वर्षानुवर्षं बंद राहिली, आणि लोकांना वोलास्त्रा या वरच्या वाडीवरून, तीनशे मीटरहून जास्त चढून वळसा घ्यावा लागला.

म्हणून वाटेला लागण्यापूर्वी तिथं जाणाऱ्यानं काय करावं, ते थोडक्यात सांगतो. सकाळी स्टेशनवरच्या उद्यान कचेरीत जाऊन आज कुठली वाट खुली आहे ते विचारावं. नकाशावर वाट आहे म्हणजे जमिनीवर आहे असं नाही. ‘क्यूझो’ अशी पाटी दिसली तर तिचा अर्थ ‘बंद’. ती ओलांडू नये. ‘सेन्तिएरो’ म्हणजे पायवाट, ‘मारे’ म्हणजे समुद्र, ‘मोन्ते’ म्हणजे डोंगर. एवढ्या चार शब्दांवर आणि हाताच्या खुणांवर पुष्कळ निभावतं. पावसाचा इशारा असेल त्या दिवशी डोंगरावर जाऊच नये. पायात घट्ट बूट हवेत. सपाता घालून वाटेवर जाणाऱ्याला उद्यानाचे लोक दंड करतात, आणि रास्तच करतात. किनाऱ्याच्या काही टप्प्यांना तिकीट लागतं. ते पैसे वाटा राखायच्या कामी येतात, म्हणून कुरकुर करू नये. पाणी बरोबर घ्यावं. आणि वाट सोडून तालीवर पाय देऊ नये. हे मी अनुभवानं सांगतो.

शिक्षक बंधुभगिनींना जाता जाता एक सुचवतो. तुमच्या शाळेतल्या मुलांकडून आपल्या गावाचा एक नकाशा काढून घ्या. पण त्यात अंतर मीटरमध्ये लिहायचं नाही, मिनिटांत लिहायचं. शाळेपासून विहीर किती मिनिटं, देऊळ किती, वरची वाडी किती. जाताना किती आणि येताना किती. चढाच्या वाटेचे दोन आकडे वेगळे येतील, आणि मुलांना डोंगर म्हणजे काय ते कळेल. मग त्याच नकाशावर गावातल्या ताली, बांध, गडगे दाखवा. कुठला धड आहे आणि कुठला ढासळला आहे, याच्या खुणा करा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कुणी घातला होता? त्यांना माहीत असेल. आणखी दहा वर्षांनी ते सांगायला कुणी राहील न राहील.

मला वाट दाखवणाऱ्या त्या शेतकऱ्याचं नाव मी विचारलं नाही. विचारायला शब्दच नव्हते. पण त्याच्या हातांची घाई आठवते. समोर परका माणूस वाट चुकून उभा, दिवस मावळत आलेला, आणि तरीही आधी दगड. त्याला ठाऊक होतं की माणूस काय, बोट दाखवलं की जाईल आपल्या वाटेनं. पण तो दगड तिथं बसला नाही, तर पुढच्या माणसाला दाखवायला वाटच उरणार नाही.